पाकिटावरची उंची

माझ्याकडे कॉफीची रिकामी पाकिटं साठली आहेत. दोन-अडीच डझन तरी असतील. काही ठाण्यात घेतलेली, काही डोंबिवलीत, काही मुंबईला गेल्यावर. कॉफी संपली की पाकीट झटकून, सपाट करून फायलीत लावायचं, असा माझा परिपाठ आहे. घरच्यांच्या लेखी ती रद्दी. माझ्या लेखी ते एक छोटंसं वाङ्मय आहे आणि त्याचीही समीक्षा व्हायला हवी, असं मला वाटतं. कारण हा चार ओळींचा मजकूर वाचून आपण पाव किलो कॉफीला किती पैसे मोजायचे ते ठरवतो. डोंगरातल्या कुणाचं काम मोजलं जाणार आणि कुणाचं नाही, हेही त्याच मजकुरावर ठरतं.

या वाङ्मयाचा साचा ठरून गेला आहे. वर मळ्याचं नाव. खाली प्रदेश : चिकमगळूर, कोडगू, बाबाबुडनगिरी, अरकू. मग उंची, मीटरमध्ये, बहुधा ठळक टायपात. शेवटी चवीची तीन-चार विशेषणं : कोको, संत्र्याची साल, मोगरा, गूळ. उंची आणि विशेषणं एकाखाली एक छापलेली असल्यामुळे वाचणारा आपोआप त्यांचा कार्यकारणभाव जोडतो. एवढ्या उंचीवर पिकली, म्हणून अशी लागते. आकडा जितका मोठा तितकी कॉफी थोर. मीही बरीच वर्षं असंच वाचत होतो.

मी कृषिशास्त्रज्ञ नाही. डोंबिवलीच्या एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कारखान्यात प्रयोगशाळेत नोकरी केली. आम्ल, अल्कली, पाण्याचा जडपणा, एवढ्याशी हातांची ओळख. बाकीचं वाचून शिकलो. ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात बसून, कॉफी बोर्डाच्या पुस्तिका चाळून, मिळतील ते शोधनिबंध छापून घेऊन आणि शब्दकोश शेजारी ठेवून. त्या वाचनातून आणि घरच्या ओट्यावरच्या काही प्रयोगांतून माझं जे मत झालं, ते असं : पाकिटावरची उंची खोटी नसते, पण ती एकाच गोष्टीची खूण असते. तिला सगळ्या चवीचं श्रेय दिलं, की कॉफीला चव देणाऱ्या उरलेल्या गोष्टी, विशेषतः माणसांचे हात, मजकुरातून बाहेर पडतात.

उंचीत खरं काय आहे

आधी उंचीच्या बाजूने जे बोलायला हवं ते बोलतो. समुद्रसपाटीपासून वर जाताना हवा दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंशांनी गार होत जाते. कल्याणचं वर्षाचं सरासरी तापमान २७ अंशांच्या आसपास धरलं, तर इथेच बाराशे मीटरांचा डोंगर असता त्याच्या माथ्यावर ते १९-२० भरलं असतं. अरॅबिका ही कॉफीची जात मूळची इथिओपियाच्या डोंगरी जंगलातली. तिला एवढाच गारवा मानवतो. आपल्याकडे अरॅबिकासाठी १,००० ते १,५०० मीटर आणि रोबस्टासाठी ५०० ते १,००० मीटर असे पट्टे योग्य मानले जातात.

गारव्यात फळ सावकाश पिकतं. फुलापासून लाल फळापर्यंत अरॅबिकाला आठ-नऊ महिने लागतात, गार जागी त्याहून थोडे अधिक. तेवढा काळ आतली बी भरत राहते आणि घट्ट होते. ग्वाटेमालात तर कॉफीची प्रतवारीच यावरून होते. साधारण १,३५० मीटरांच्या वरची कॉफी तिथे ‘सर्वांत कठीण दाणा’ अशा अर्थाच्या वर्गात जाते.

याचा काटेकोर अभ्यासही झाला आहे. हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर लॉरिना नावाची अरॅबिकाची एकच जात वेगवेगळ्या हवामानाच्या जागी घेऊन संशोधकांनी तिची तुलना केली आणि २०१२ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. जात एकच असल्यामुळे फरक हवामानाचा, असं म्हणायला जागा होती. चवीवर सर्वांत ठळक परिणाम दिसला तो बी भरण्याच्या काळातल्या सरासरी तापमानाचा. गार जागच्या कॉफीत आंबटपणा आणि फळांसारखा वास जास्त, उष्ण जागच्या कॉफीत मातकट, हिरवट छटा.

हा निष्कर्ष वाचताना मी एका शब्दापाशी थांबलो. तो शब्द तापमान होता. उंची हे तापमानाचं टोपणनाव आहे. टोपणनावाने हाक मारायला हरकत नाही, पण माणूस तोच आहे ना, हे दर वेळी पाहावं लागतं.

कोना आणि माहुली

हवाई बेटांवर कोना नावाचा पट्टा आहे. तिथली कॉफी जगातल्या महागड्या कॉफींत गणली जाते. तिचे मळे साधारण दीडशे ते नऊशे मीटरांवर आहेत. माझ्या फायलीतल्या पाकिटांच्या हिशेबाने ही कॉफी सुमार ठरायला हवी. पण कोना विषुववृत्तापासून लांब आहे, चहूबाजूंनी समुद्र आहे आणि दुपारी डोंगरउतारावर ढग येऊन सावली धरतात. उंचीने जे काम करायचं ते तिथे अक्षांश, समुद्र आणि ढग मिळून करतात.

कोनाचा अक्षांश १९.६. कल्याणचा १९.२. पृथ्वीच्या गोळ्यावर कल्याणवरून आडवी रेघ ओढली तर ती कोनाच्या जवळून जाते. आसनगावजवळचा माहुली किल्ला ठाणे जिल्ह्यातला उंच डोंगर, साडेआठशे मीटरांच्या घरातला. म्हणजे अक्षांश कोनाचा आणि उंची कोनाच्या वरच्या मळ्यांएवढी. मग माहुलीच्या उतारावर कॉफी का नाही? हा प्रश्न मला लोकलच्या खिडकीतून माहुलीचे सुळके पाहताना पडला आणि त्याचं उत्तर शोधताना उंचीवरचा माझा विश्वास पहिल्यांदा डळमळला.

उत्तर पावसात आहे. तो किती पडतो यापेक्षा केव्हा पडतो यात. कॉफीच्या कळ्या उन्हाळ्यात झोपलेल्या असतात. मार्च-एप्रिलमध्ये एक चांगली सर आली की आठ-दहा दिवसांत सगळा मळा पांढरा होतो. कोडगू-चिकमगळूरकडे या सरीला फुलोऱ्याचा पाऊस म्हणतात आणि तिची सणासारखी वाट पाहतात. पाठोपाठ दुसरी सर यावी लागते, तरच फळ धरतं. आपल्या उत्तर सह्याद्रीत ऑक्टोबरला पाऊस गेला की जूनपर्यंत जवळजवळ कोरडं. वळीव आलाच तर मेअखेरीस. महाबळेश्वर तेराशे मीटरांच्या वर आहे, पाऊस पाच हजार मिलिमीटरांच्या वर. तरी तो सगळा चार महिन्यांत कोसळून मोकळा होतो. तिथे नाव झालं ते स्ट्रॉबेरीचं. तिला २०१० साली भौगोलिक मानांकनही मिळालं.

थोडक्यात, उंची हे एक कलम आहे, सगळा करारनामा नव्हे. भारतातल्या मळ्यांत तर आणखी एक कलम आहे, सावलीचं. आपल्याकडची कॉफी बहुतेक सगळी सावलीतली. खाली पांगाऱ्याच्या कुळातली झाडं, वर सिल्व्हर ओक, फणस, वड-उंबराच्या जातीचे वृक्ष. ही सावली दुपारचं ऊन अडवते आणि फळाचं पिकणं लांबवते. म्हणजे डोंगराच्या गारव्यात झाडांनी भर घातलेली असते, आणि ती झाडं कुणीतरी लावलेली, दर वर्षी छाटलेली असतात. हे पाकिटावर क्वचितच येतं.

डोंगर ते कप

दोन वर्षांपूर्वी मी घरी एक चाचणी घेतली. शेजारच्या मामी मूळच्या पालक्काडच्या, पन्नास वर्षं डोंबिवलीत. पितळी फिल्टरची कॉफी त्यांच्याकडे दिवसातून तीनदा होते. त्या, त्यांचे चिरंजीव, माझे दोन मित्र आणि मी. तीन वेगवेगळ्या पाकिटांची कॉफी, दुधाशिवाय, कपांना फक्त क्रमांक. प्रश्न एकच : यातली सर्वांत उंचावरची कोणती?

पाचांपैकी चौघांनी, माझ्यासकट, एकाच कपाकडे बोट दाखवलं. तो तिन्हींत सर्वांत कमी उंचीचा निघाला. मामींचं उत्तर तेवढं बरोबर होतं, पण तो अंदाज होता हे त्यांनीच सांगून टाकलं. नंतर पाकिटं पाहिल्यावर उलगडा झाला. आम्ही निवडलेली कॉफी हलकी भाजलेली होती. हलक्या भाजणीत आंबटपणा टिकतो, गडद भाजणीत तो जळून कडवटपणा पुढे येतो. उंची ओळखतो आहोत असं समजून आम्ही भाजणी ओळखली होती. पाच जणांच्या खेळाला कुणी शास्त्र म्हणू नये. पण माझ्यापुरता धडा मिळाला.

दुसरा धडा पाण्याचा. आमच्या इमारतीत दोन नळ आहेत. पिण्याला पालिकेचं, उल्हास नदीचं पाणी, धुण्याभांड्यांना बोअरचं. जुन्या सवयीने दोन्हींचा जडपणा तपासला. बोअरचं पाणी कितीतरी जड होतं. मग एकाच पाकिटातली कॉफी, एकाच वजनाची, दोन्ही पाण्यांत केली. नदीच्या पाण्यात जो आंबटसर चटका लागत होता, तो बोअरच्या पाण्यात जवळजवळ गायब. यात जादू काही नाही. जड पाण्यातले बायकार्बोनेट आम्ल मारतात. हजार मीटर चढून जे कमावलं, ते बोअरच्या एका पातेल्यात गेलं. तेव्हा चवीचं मूळ डोंगरात असलं तरी तिचं शेवटचं टोक आपल्या नळाशी आहे.

मधल्या वाटेवर तर कितीतरी हात आहेत. फळं एकदम पिकत नाहीत. लाल झालेली तेवढीच तोडायची तर तीन-चार फेऱ्या माराव्या लागतात. एकदाच ओरबाडली तर कच्ची-पक्की मिसळतात आणि कितीही उंचीवरची कॉफी तुरट होते. मग गर काढणं, आंबवणं, धुणं, वाळवणं. भारतातल्या जुन्या प्रतवारीची नावं याबाबत प्रामाणिक आहेत. धुतलेल्या अरॅबिकाला ‘प्लँटेशन’, फळासकट वाळवलेल्या कॉफीला ‘चेरी’, धुतलेल्या रोबस्टाला ‘पार्चमेंट’. नावातच काय केलं ते सांगितलं आहे, किती वर केलं ते नाही.

जातीचीही गोष्ट अशीच. एकोणिसाव्या शतकात तांबेरा रोगाने सिलोनची कॉफी बुडवली आणि आपल्या मळ्यांनाही ग्रासलं. त्याला तोंड देणारी झाडं शोधता शोधता बाळेहोन्नूरच्या संशोधन केंद्रातून १९४० च्या दशकात एस. ७९५ ही जात बाहेर पडली. आजही दक्षिणेतल्या मळ्यांत ती भरपूर आहे. तिच्या एका पूर्वजात लायबेरिका या सखल, उष्ण प्रदेशातल्या जातीचं रक्त आहे. म्हणजे ‘उंचावरची कॉफी’ म्हणून आपण जी पितो, तिच्या कुळात खालच्या रानातला एक आजा बसलेला आहे.

आणि मूळ स्थानाच्या चवीचं आपल्याकडचं सर्वांत जुनं प्रसिद्ध उदाहरण पाहिलं तर ते डोंगरातलं नाहीच. मलबार किनाऱ्यावरून शिडाच्या जहाजांतून युरोपला जाणारी कॉफी महिनोन्‌महिने दमट हवेत राहून फुगायची, पिवळसर व्हायची, तिचा आंबटपणा उतरायचा. १८६९ साली सुएझ कालवा सुरू झाला, वाफेची जहाजं आली, प्रवास आटोपता झाला आणि कॉफी हिरवीच पोचू लागली. तिकडच्या गिऱ्हाइकांना जुनी चव हवी होती. म्हणून मंगळूरच्या बाजूला पावसाळ्यात उघड्या गोदामांत दाणे पसरून, खालीवर करून, मान्सूनचा वारा मुद्दाम खाऊ घालण्याची पद्धत बसली. तीच ‘मान्सून्ड मलबार’. तिलाही भौगोलिक मानांकन आहे. डोंगराने दिलेला आंबटपणा समुद्राच्या वाऱ्याने काढून टाकायचा आणि त्यालाच स्थानाची चव म्हणायचं! मला यात विसंगती वाटत नाही. स्थान म्हणजे केवळ माती आणि मीटर नव्हेत, तिथे माणसं काय करतात तेही, एवढंच यातून दिसतं.

आपल्या कायद्यालाही हे मान्य आहे. १९९९ च्या भौगोलिक मानांकन कायद्यात मानांकन मागणाऱ्याने मालाचा गुण त्या भौगोलिक परिसरामुळे, त्यातल्या नैसर्गिक आणि मानवी घटकांसह, कसा येतो हे सांगायचं असतं. २०१९ साली कोडगू, चिकमगळूर, बाबाबुडनगिरी आणि अरकू इथल्या अरॅबिकाला आणि वायनाडच्या रोबस्टाला मानांकन मिळालं ते याच कायद्याखाली. अर्जात मानवी घटक लागतो. पाकिटावर येईपर्यंत तो गळतो आणि नैसर्गिक घटकातलाही एक आकडा तेवढा उरतो.

जुन्या पाकिटाचं मौन

माझ्या लहानपणी कॉफीच्या पुडीवर काहीच लिहिलेलं नसायचं. स्टेशनजवळच्या दुकानात डब्यातून भुकटी तोलून, खाकी पुडीत बांधून मिळायची. आई ती दुधात उकळायची, साखर घालायची आणि वरून जायफळ किसायची. कॉफी म्हणजे पाहुण्यांची किंवा उपासाची. ती कुठून येते, हा प्रश्न घरात कुणाला पडला नाही. पुढे मी या विषयात शिरलो तेव्हा त्या अज्ञानाची मला लाज वाटे. आता वाटत नाही, कारण त्या मौनाला कारण होतं.

१९४२ च्या कॉफी कायद्याने देशभरच्या मळेवाल्यांनी आपली कॉफी बोर्डाच्या सामायिक साठ्यात द्यायची, अशी व्यवस्था बसली. युद्धामुळे युरोपचा बाजार तुटला होता आणि मळेवाल्यांना तगवण्यासाठी ते गरजेचंही होतं. प्रतीप्रमाणे गुण मिळत, गुणांप्रमाणे पैसे, पण एकदा साठ्यात गेली की कॉफी कोणत्या मळ्याची हे सांगण्याची सोय राहत नसे. ही व्यवस्था १९९० च्या दशकात टप्प्याटप्प्याने सैल होत त्या दशकाच्या मध्यानंतर संपली. म्हणजे माझ्या आईच्या पुडीवर मळ्याचं नाव येणं कठीणच होतं. आजच्या पाकिटावर ते येतं, कारण आता मळेवाला स्वतः विकू शकतो. आधीचं मौन कायद्याने आलं होतं. आताची वाचाळता बाजाराने आणली आहे. दोन्हींकडे समीक्षकाने सारख्याच संशयाने पाहायला हवं.

पुडीत दुसरंही काही असायचं : चिकोरी. आजही फिल्टर कॉफीच्या पाकिटावर बारीक अक्षरांत तिचं प्रमाण छापणं बंधनकारक आहे आणि नियमाने ती ४९ टक्क्यांपर्यंत चालते. ही चिकोरी म्हणजे एका झाडाचं मूळ, वाळवून, भाजून, दळून. गुजरातेत जामनगरकडे तिची मोठी लागवड होते, समुद्राजवळच्या सपाट जमिनीत. ज्या पाकिटावर घाटातल्या मळ्यांचं चित्र आहे, त्यातली जवळजवळ निम्मी भुकटी अशी सपाटीवरची असू शकते. मामींना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, ‘‘चिकोरीशिवाय डिकॉक्शनला अंग कसं येणार?’’ त्यांचं बरोबरच आहे. चिकोरी वाईट नाही. तिला चित्रात जागा नाही, हे वाईट आहे.

आंबट या शब्दाचं काय करायचं

या साऱ्या चर्चेत मराठी वाचकाची एक खास अडचण आहे. उंचावरच्या कॉफीचा मुख्य गुण म्हणजे आंबटपणा, आणि मराठी घरात आंबट लागलेली कॉफी म्हणजे नासलेली. इंग्रजी शब्द वापरावा तर ‘ॲसिडिटी’ म्हणजे पोटाचं दुखणं. त्यामुळे आपण गप्प बसतो आणि पाकिटावरची परकी विशेषणं तशीच उचलतो. ब्ल्यूबेरी न खाल्लेला माणूस कॉफीत ब्ल्यूबेरी शोधत बसतो.

खरं तर आंबटाच्या बाबतीत आपली भाषा श्रीमंत आहे. लिंबाचा आंबटपणा वेगळा, कैरीचा वेगळा, चिंचेचा, कोकमाचा, आवळ्याचा, करवंदाचा, अंबाडीचा वेगळा. आमटीत कोणतं आंबट घातलंय ते आपल्याला पहिल्या घोटाला कळतं. रसायनांच्या भाषेतही हे वेगळेच आहेत. लिंबात मुख्यतः सायट्रिक आम्ल, चिंचेत टार्टारिक, सफरचंदात मॅलिक. कॉफीच्या दाण्यात सायट्रिक आणि मॅलिक ही दोन्ही असतात, शिवाय क्लोरोजेनिक आम्लं, जी भाजताना फुटून कडू-तुरट होतात. म्हणून एखाद्या कॉफीला ‘आधी लिंबासारखी, मागून आवळ्यासारखी तुरट’ म्हणणं ही गावठी उपमा नव्हे, ते नेमकं वर्णन आहे. मी माझ्या वहीत आता असंच लिहितो. एका पाकिटाची नोंद आहे : ‘पिकत आलेल्या कैरीची फोड, मीठ न लावलेली.’ ती वाचली की मला तो कप पुन्हा आठवतो. ‘सिट्रस, ब्राइट’ एवढ्या नोंदीने काहीच आठवत नाही.

चिखलदरा

आता घरच्या उदाहरणाकडे येतो. महाराष्ट्रात कॉफीचा प्रदेश म्हणून एकच नाव घेतलं जातं, अमरावती जिल्ह्यातलं चिखलदरा. मेळघाटातलं, गाविलगडाच्या शेजारचं, सुमारे अकराशे मीटरांवरचं हे थंड हवेचं ठाणं. गेल्या डिसेंबरात कल्याणहून रात्रीची अमरावती एक्स्प्रेस पकडली आणि दुसऱ्या दिवशी परतवाड्याहून घाट चढून वर गेलो. झाडांच्या सावलीत कॉफीची झुडपं पाहिली. फांद्यांना चिकटून बसलेली फळं, काही लाल, काही अजून हिरवी. संध्याकाळ झाली तशी थंडी झोंबायला लागली.

तिथे उभा असताना एक हिशेब मनात आला. चिकमगळूरचा अक्षांश तेराच्या थोडा पुढे, चिखलदऱ्याचा एकवीसच्या पुढे. उंची सारखी धरली तरी हिवाळ्याच्या रात्री इथे अधिक गार असणार. म्हणजे फळ पिकण्याच्या शेवटच्या टप्प्यात चिखलदऱ्याचे अकराशे मीटर दक्षिणेतल्या अकराशे मीटरांहून जास्त गारवा देत असणार. दुसरीकडे ऑक्टोबर ते जून कोरडा. फुलोऱ्याच्या पावसाचा भरवसा नाही, त्यामुळे बाहेरून पाणी द्यावं लागणार. पाकिटावर नुसतं ‘१,१०० मीटर’ छापलं तर यातली ना जमेची बाजू कळते, ना खर्चाची. हा माझा तर्क आहे. तो तपासायचा तर कप हवा.

बाजारातल्या एका दुकानातून भुकटीची पिशवी घेतली. तिच्यावर ठिकाणाचं नाव आणि ‘कॉफी’, एवढंच. जात, प्रक्रिया, तोडणीचा महिना, भाजणीची तारीख, काही नाही. दुकानदाराला विचारलं, ‘‘चवीला कशी आहे?’’ तो म्हणाला, ‘‘महाराष्ट्रात फक्त इथंच होते न भाऊ.’’ मी पुन्हा विचारलं. तो हसला. ‘‘चांगली हाये.’’

घरी आणून उल्हासच्या पाण्यात केली. कडवटपणा पुढे, अंग जड, मागे किंचित सुपारीसारखा तुरटपणा. पण यातलं चिखलदऱ्याचं किती आणि भाजणाऱ्याचं किती, हे मला सांगता येत नाही, कारण त्या पिशवीने मला सांगता येण्याजोगं काही दिलंच नाही. दुकानदाराला दोष देत नाही. चिखलदऱ्याच्या कॉफीवर माझ्या वाचनात जे आलं त्यातलं बहुतेक ‘राज्यातली एकमेव’ या शब्दांपाशीच थांबतं. सहलीच्या माहितीपत्रकांनी तिला कौतुकाची वस्तू केलं. प्यायची वस्तू म्हणून तिचा विचार झाला नाही. महागड्या पाकिटांवर उंचीचा आकडा सगळ्या चवीचं श्रेय घेऊन जातो, आणि इथे ठिकाणाचं नाव चवीचा प्रश्नच विचारू देत नाही. दोन्हीकडे तोटा त्याच माणसाचा, ज्याने लाल फळ निवडून तोडलं किंवा तोडलं नाही. निवडून तोडण्याचे पैसे त्याला मिळायचे असतील, तर त्या निवडीने चवीत पडलेला फरक कुणीतरी ओळखून लिहायला हवा. अरकूचं उदाहरण समोर आहे. आदिवासी शेतकऱ्यांच्या छोट्या तुकड्यांवरची ती कॉफी पूर्व घाटात साधारण याच उंचीवर पिकते. तिचं नाव झालं ते तोडणी, प्रक्रिया आणि चाखणी यांवर वर्षानुवर्षं लक्ष दिल्यावर. २०१७ साली त्या नावाचं दुकान पॅरिसमध्ये उघडलं. मेळघाटातल्या कोरकू तरुणाला आपल्या डोंगरातल्या कपाबद्दल ‘चांगली हाये’च्या पुढची दोन वाक्यं बोलता आली, तर ती सुरुवात असेल.

पाकिटावर काय असावं, याची माझी यादी लहान आहे. उंचीबरोबर जात. तोडणीचा महिना आणि ती किती फेऱ्यांत केली ते. धुतली की फळासकट वाळवली. कधी भाजली. चिकोरी असेल तर ठळक अक्षरांत. चवीची विशेषणं नसली तरी चालतील, ती आपली आपण शोधू.

चिखलदऱ्याची ती पिशवी मी फायलीत लावली आहे. शेजारच्या कोऱ्या पानावर हे सगळे रकाने हाताने आखले आणि भरता आले तेवढे भरले : ठिकाण, उंची, विकत घेतल्याचा महिना, पाणी उल्हासचं. उरलेले रिकामे आहेत. येत्या डिसेंबरात वही घेऊन पुन्हा जाणार आहे. या वेळी दुकानात न थांबता तोडणी करणाऱ्यांना विचारायचं आहे.